मुंगसाला कायम करा!

बँकेत बावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस सहसा कुणाची बाजू घेत नाही. डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा, एवढ्याच दोन बाजू आम्हाला ठाऊक. संध्याकाळी त्या दोन्ही सारख्या आल्या की आम्ही घरी जातो. घरीसुद्धा माझं हेच धोरण आहे. त्यामुळे मी एकाची बाजू घेऊन भांडतो आहे हे कळल्यावर सौ.ला आश्चर्य वाटलं, आणि तो एक म्हणजे मुंगूस आहे हे कळल्यावर काळजी वाटली.

झालं असं, की आमच्या शाखेत उंदीर झाले. नंदुरबार जिल्ह्याची मिरची सगळीकडे नावाजलेली. मोसमात नंदुरबारजवळ मिरचीच्या पथाऱ्या पाहाव्यात, जमीन लाल दिसते. पण आमच्या शाखेतल्या उंदरांची चव निराळी. त्यांनी वायर पसंत केली. आठवड्यातून दोनदा लिंक जायची. आम्ही गिऱ्हाइकांना "वरूनच बंद आहे" असं सांगायचो. प्रत्यक्षात ती खालून बंद असायची, कपाटामागून, दातांनी.

मग साहेबांनी सभा घेतली. कॅशियर म्हणाले, विष टाका. साहेब म्हणाले, मागचं थोराचं कुंपण तोडून पक्की भिंत घाला, उंदीर तिथूनच येतात. आणि नव्यानं लागलेला एक तरुण अधिकारी मोबाइल पुढे करून म्हणाला, "सर, विलायतेत याच्यासाठी फेरेट पाळतात!"

फेरेट हा शब्द सभेत कुणीच ऐकलेला नव्हता. म्हणून सर्वांनी माना डोलावल्या.

माहिती काढण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी वाचलं, आणि खरं सांगतो, या प्राण्यावर माझं मन बसलं. फेरेट म्हणजे मुंगसासारखाच लांबट, आखूड पायांचा प्राणी. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी जनावरापासून माणसानं दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवलेला. सशाच्या बिळांच्या तोंडांवर जाळ्या लावायच्या आणि एका तोंडातून फेरेट आत सोडायचा. ससे घाबरून बाहेर धावतात आणि जाळीत अडकतात. उंदरांच्या मागेही त्याला सोडतात. चिंचोळ्या नळातून वायर ओढून नेण्याचं कामसुद्धा विलायतेत त्याच्याकडून करून घेतलेलं आहे. म्हणजे तिकडचा प्राणी वायर टाकतो आणि आमच्याकडचा तोडतो. प्रगत देश म्हणतात तो हाच.

दिवसातले चौदा ते अठरा तास तो झोपतो. कामावर पाठवण्याआधी त्याला पोटभर खाऊ घालत नाहीत, नाहीतर त्याला कामाचा उत्साह राहत नाही. उलट फार उपाशी ठेवला तरी पंचाईत. आतच सशाला मारतो, जेवतो आणि तिथेच ताणून देतो. मग मालक फावडं घेऊन खणत बसतो. हल्ली तर गळ्यात यंत्र बांधतात, म्हणजे साहेब कुठे झोपलेत ते वरून कळतं. (ही गोष्ट मी आमच्या सभेत सांगितली नाही. नसत्या कल्पना वरिष्ठांच्या डोक्यात घालू नयेत.)

पण त्याचा सांभाळ काही सोपा नाही. कोरडी, हवेशीर पेटी, गवताचा बिछाना, रोज मांस, रोज सफाई. उन्हाचा त्याला फार त्रास. आमच्या मे महिन्यात तो पहिल्याच दिवशी राजीनामा देईल. मादी माजावर आली आणि नर मिळाला नाही, तर माज उतरत नाही आणि रक्त कमी होऊन ती मरूही शकते. मिळाला, तर बेचाळीस दिवसांत सात-आठ पिल्लं. म्हणजे कामाचं जनावर ठेवायचं तर त्याचं खाणं, राहणं, लग्नकार्य, बाळंतपण, सगळं आपल्या अंगावर. विलायतेतला माणूस ते करतो. काम घेतो, पण मोबदलाही देतो.

या बाबतीत एक दाखला तर प्रत्येक बँकेत फ्रेम करून लावावा. लंडनच्या मनीऑर्डर कचेरीत उंदरांनी उच्छाद मांडला तेव्हा, 1868 साली, सरकारी मंजुरीनं तीन मांजरं नेमली गेली. तिघींना मिळून आठवड्याला एक शिलिंग भत्ता, म्हणजे डोई चार पेन्स. नेमणूक सहा महिन्यांच्या बोलीवर. तेवढ्यात उंदीर कमी झाले नाहीत तर भत्ता कापणार. वाचून माझे डोळे पाणावले. मांजराचं नाव पगारपत्रकावर! आमच्याकडे माणूस दहा-दहा वर्षं हंगामी राहतो.

आणि नेमका इथे मला आमचा हंगामी आठवला.

शाखेच्या मागे, त्याच थोराच्या कुंपणात, एक मुंगूस राहत असे. सकाळी दहाच्या सुमारास मी खिडकी उघडत असे, तेव्हा तो कामावर हजर असे. आमच्यातले काही जण नसत. नाक जमिनीला लावून कुंपणाच्या कडेनं जायचा, मध्येच थांबून माती उकरायचा, एखादी घूस-उंदराची पिल्लावळ, सरडा, किडे, जे मिळेल ते उरकायचा आणि शेपटीचा झाडू मागे ओढत निघून जायचा. ना हजेरीपट, ना चहाची सुट्टी. एकदा त्यानं सायकल स्टँडजवळ साप मारला. नागाचं विष त्याच्या नसांवर आपल्याइतकं चालत नाही, त्याच्या शरीरातली विषाची कुलूपं थोडी निराळी असतात, असं शास्त्रज्ञ सांगतात. तरी सगळी भिस्त असते ती चपळाईवर. आम्ही सगळा स्टाफ खिडकीत उभे राहून पाहत होतो. काउंटरवर गिऱ्हाईक ओरडत होतं.

लहानपणी मुंगूस दिसला की आम्ही पोरं त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगत असू. तो वळून बघितलाच, तर दिवस चांगला जाणार. एवढा मान असलेलं हे जनावर! चंदिगडनं तर त्याला आपला राज्यप्राणी केलं आहे. मी सभेत उठलो आणि बोललो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

"साहेब, फेरेट कशाला? आपला मुंगूस आहे की."

तरुण अधिकारी म्हणाला, "मग त्यालाच पाळू या, सर! पिंजरा करू, जोडी आणू, पिल्लं वाढवू."

वाचकहो, माझं भांडण खरं सुरू होतं ते इथून. आपल्याला एखादं जनावर आवडलं की आपण दोनच गोष्टी करतो: त्याला पिंजऱ्यात घालतो, नाहीतर त्याची बदली करतो. तिसरं काही सुचतच नाही.

पिंजऱ्याचं आधी सांगतो. मुंगूस म्हणजे फेरेट नव्हे. फेरेटच्या दोन हजार वर्षांच्या पिढ्या माणसाच्या हाताखाली गेल्या. मुंगूस आजही रानाचाच. गारुडी त्याला दोरी बांधून सापाशी झुंजवायचा. आम्ही पैसे टाकून ते पाहिलं, त्याची आता लाज वाटते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे, त्यात तुरुंगवास आहे. आणि कशाला पाळायचा? दोन महिन्यांनी त्याची मादी दोन-चार पिल्लं घालते, त्यांना शिकारही शिकवते. सुईण नको, प्रशिक्षण केंद्र नको. त्याला आपल्याकडून काही नको आहे, हेच आपल्याला सहन होत नाही.

आता बदली. हा विषय बँकवाल्याच्या काळजाचा. 1872 साली जमैकातल्या उसाच्या मळ्यात उंदीर माजले म्हणून इथल्या मुंगसांपैकी नऊ जणांची तिकडे बदली झाली. काही काळ बरं चाललं. मग त्यांनी पक्षी, कोंबड्या, सरडे, जे भेटेल ते खायला सुरुवात केली. कारण तिथल्या बिचाऱ्यांनी मुंगूस कधी पाहिलाच नव्हता. त्यावरून शहाणे व्हावं की नाही? 1883 साली त्यांची पिलावळ हवाई बेटांवर नेली. न्यूझीलंडनं त्याच सुमारास सशांसाठी फेरेट सोडले, ते जमिनीवरच्या न उडणाऱ्या पक्ष्यांच्या मुळावर आले. जपाननं तर 1979 साली अमामी ओशिमा बेटावर विषारी सापांसाठी तीसएक मुंगूस सोडले. साप फिरायचे रात्री, मुंगूस दिवसा. पाळ्याच जुळेनात! उपाशी का राहायचं म्हणून मुंगसांनी तिथले दुर्मीळ ससे खाल्ले. ते सगळे मुंगूस काढून टाकल्याचं जपाननं जाहीर केलं 2024 साली. हुकूम काढला एका दिवसात, रद्द करायला पंचेचाळीस वर्षं. आमच्या मुख्य कचेरीचासुद्धा वेग याहून बरा आहे.

दोष मुंगसाचा नव्हे, बदली करणाऱ्याचा. आपल्या जागी जो देवमाणूस असतो, तो नको तिथे नेऊन टाकला की उपद्रवी होतो. हे मी स्वतःच्या दोन बदल्यांवरून सांगू शकतो.

म्हणून मी सभेत म्हणालो, त्याला पाळू नका, हलवू नका. फक्त त्याचं कुंपण राहू द्या. आमचा शिपाई आप्पा, जो सभेत कधी बोलत नाही, तोही दारातून म्हणाला, "त्याले राहू द्या साहेब. तो काय आपली भाकर मागस का?"

ठराव झाला. विष टाकायचं आणि भिंत घालायची.

आता खरी गोष्ट. विषाच्या वड्यांचं किरकोळ खर्चाचं व्हाउचर मी केलं. सही माझी. उंदरांच्या त्या विषानं रक्त गोठत नाही. उंदीर जागच्या जागी मरत नाही, तीन-चार दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. अशा उंदरासारखी सोपी शिकार दुसरी नाही. जो त्याला खाईल, त्याच्या पोटात विषही जाईल. मग तो मुंगूस असो, मांजर असो की रात्रपाळीचं घुबड असो. हे मी व्हाउचर केल्यानंतर वाचलं. व्हाउचर करण्याआधी वाचायला हवं होतं, पण कारकून आकडा वाचतो, बाटलीमागची सूचना वाचत नाही.

दोन आठवड्यांनी सकाळी खिडकी उघडली. हंगामी गैरहजर. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर आजतागायत. कुंपण तुटल्यामुळे गेला की उंदरामुळे, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पंचनामा कोण करणार? पण त्या व्हाउचरवरची सही मी रोज आठवतो.

त्याच आठवड्यात मुलीच्या चित्रकलेच्या स्पर्धेसाठी ब्रश आणायला गेलो. दुकानदार आवाज खाली करून म्हणाला, "अस्सल पाहिजे का? मुंगसाच्या केसाचा?" एका जनावराच्या अंगावर ब्रशाच्या कामाचे केस निघतात ते मूठभर, त्यासाठी त्याचा जीव जातो. विकणं गुन्हा, घेणंही गुन्हा. मी नायलॉनचा घेतला. मुलीचा तिसरा नंबर आला. ब्रशामुळे नव्हे, परीक्षकांची नात पहिली आली.

मी मुंगसाचा आंधळा भक्त नाही. तो कोंबडीची अंडी पळवतो, पिल्लं उचलतो. खेड्यातल्या बायकांची त्याच्यावरची तक्रार खरी आहे. तो गावचे सगळे उंदीर संपवणार नाही, आमचं वायरचं दुखणंही एकट्यानं बरं करणार नाही. वायरीला लोखंडी जाळी आणि भोकांना सिमेंट हवं, आणि टेबलाच्या खणातून शेंगदाणे हलायला हवेत. (कॅशियरांनी मनावर घेऊ नये.) पण जो फुकट राबतो त्यालाच आधी मारायचं, हा कुठला हिशेब? दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याची किंमत लाखांत होते. तो टापा नाचवतो, लोक फोटो काढतात. घोड्याशी माझं वैर नाही. पण शेताच्या बांधावर जो खरं काम करतो, त्याचा बांध आपण ट्रॅक्टरनं साफ करतो आणि वर विचारतो, उंदीर इतके का झाले?

तेव्हा मुंगसांच्या वतीनं माझं मागणीपत्र असं: बांधावरची झुडपं आणि काटेरी कुंपणं ठेवावीत. विष अगदी शेवटचा उपाय समजावा, आणि टाकलंच तर मेलेले उंदीर रोज उचलून पुरावेत. केसांचा ब्रश घेऊ नये. पगार, बोनस, निवृत्तिवेतन काही नको. जागेवर कायम करावं, बस्स.

भिंत आता उभी आहे. गवंडी काम करत होता तेव्हा मी त्याला चहा पाजून तळाशी एक वीतभर भोक ठेवायला लावलं. साहेबांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "पाण्याचा निचरा." बावीस वर्षांतली माझी ही एकमेव खोटी नोंद.

उंदीर परत आलेत. गेल्या सोमवारी लिंक पुन्हा गेली. मी मात्र रोज दहाला खिडकी उघडून त्या भोकाकडे बघतो आणि मनातल्या मनात रामाची शपथ घालतो. काल ती चुकून मोठ्यानं निघाली, "रामाची शपथ, एकदा तोंड दाखव!" काउंटरवरच्या आजोबांनी तत्परतेनं गळ्यातला मफलर सोडला आणि हयातीच्या दाखल्याचा कागद पुढे केला.