पोटरीतली ज्वारी आणि मुका फ्लॉवर

विषय तसा क्षुल्लक आहे. कॉम्प्युटरवरची शेती! पण परवा एकाशी यावरून चांगलंच वाजलं आणि डोक्यातून जाईना, म्हणून लिहून टाकतोय.

नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडक्यात. 'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ एरिक बॅरोन या गृहस्थाने एकट्याने बनवून २०१६ साली आणला. आजोबांची पडीक शेती आपल्याकडे येते. मग खणा, पेरा, पाणी घाला, विका. अतिशय गोड खेळ आहे. मला आवडतो, म्हणूनच भांडतोय.

माझं म्हणणं एवढंच, की उभं पीक किती वाढलंय हे खेळाने नीट दाखवावं. यावर ठरलेलं उत्तर येतं, "खर्‍या शेतात पट्टी दिसते का? वाट बघण्यातच तर मजा आहे!"

साफ चूक. हे बोलणारा बहुधा कधी बांधावर उभा राहिलेला नसतो.

आमचे आबा लांबूनच ज्वारीकडे बघून सांगायचे, पोटरीत आलीय, आता निसवेल. मग दाणा दुधात, मग चिकात, मग हुरडा. प्रत्येक टप्प्याला शब्द आहे, कारण प्रत्येक टप्प्याला काम आहे. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटतात तेव्हा, पाणी चुकवून चालत नाही. म्हणजे शेतकरी दिवस मोजतो आणि पीक वाचतो. आपलं पीक कुठवर आलंय याचं कोडं त्याला कधीच नसतं. त्याची धाकधूक असते ती पावसाची, किडीची, भावाची. खेळाने ही धाकधूक भलत्याच जागी ठेवलीय!

आता खेळातला फ्लॉवर घ्या. तयार व्हायला १२ दिवस, आणि वसंत ऋतू २८ दिवसांचा. बियाण्याच्या माहितीत हे १२ दिवस लिहिलेले आहेत, पण बी मातीत गेलं की ती माहितीही मातीत गेली. उभ्या रोपाला विचाराल तर ते मुकं. वाढीच्या मधल्या दोन टप्प्यांत चार-चार दिवस एकच चित्र दिसतं.

बरं, दिवस मोजून भागतं का? तेही नाही. पाणी चुकलं की त्या दिवसाची वाढ होत नाही. १६ तारखेला लावलात आणि रोज पाणी घातलंत, तर २८ ला फ्लॉवर हातात. मध्ये एकच दिवस एक रोप राहून गेलं, की २८ ला जवळजवळ तयार आणि दुसर्‍या सकाळी उन्हाळा लागताच वाळलेलं. ओली माती गडद दिसते हे खरं, पण ती आजची. मागच्या मंगळवारी काय राहिलं होतं, ते रोपावर कुठेच दिसत नाही. आबांनी पानावरून ओळखलं असतं.

दुसरं टोकही मला नको. 'हे डे'मध्ये पिकावर बोट ठेवलं की उरलेला वेळ दिसतो आणि शेजारी हिरे खर्चून तो वेळ संपवायची सोय! तिथे घड्याळ धंद्यासाठी लावलंय. पण म्हणून घड्याळच वाईट, हे कुठलं तर्कशास्त्र?

मला टक्केवारी नकोच. रोपाजवळ उभं राहिलं की टप्प्याचं नाव दिसावं, तयार व्हायला किती दिवस ते दिसावं आणि पाणी चुकलेलं रोप थोडं मलूल दिसावं. ज्यांना कोडं हवंय त्यांनी ते बंद ठेवावं. अशक्य आहे म्हणू नका, 'यूआय इन्फो सूट' नावाची जोडणी खेळाडूंनीच लिहिली आणि उरलेले दिवस दाखवून दिले. लोकांना स्वतः लिहावंसं वाटलं, यातच आलं सगळं.

माहिती लपवली की खेळ अवघड होत नाही, माणूस वही घेऊन बसतो इतकंच. आणि शेती 'खरी' वाटावी म्हणून शेतकर्‍याला आंधळा करायचा? शेतकर्‍याला फक्त राबता येतं, वाचता येत नाही, हा जुना समज आहे. निदान खेळात तरी तो नको.

असो. आबांची बाकीची नातवंडं इथे वाचतातच. हुरड्याला कधी जायचं हे आबांनी कधी चुकीचं सांगितलं होतं का, तेवढं कळवा.