द. सा. द. शे. चा विसर

सरळव्याजाची उदाहरणे सोडविताना 'द. सा. द. शे.' ही अक्षरे ज्याने कधी गिरविली नाहीत असा मनुष्य मराठी शाळेतून बाहेर पडलेला सहसा आढळावयाचा नाही. दरसाल दर शेकडे. शंभर रुपयांवर वर्षाला किती, हा या अक्षरांचा साधा अर्थ. परीक्षा संपली की वही रद्दीत जाते आणि पुढे नोकरी लागून हाती पहिला पगार येतो तेव्हा हा प्रश्न विचारण्याची सवयही त्या वहीबरोबर गेलेली असते. आज शहरांतून कमावू लागलेल्या तरुण पिढीच्या पैशासंबंधी पुष्कळ उपदेश चालू आहे. बचत करा, गुंतवणूक करा, लवकर सुरुवात करा, असे तिला चोहोबाजूंनी सांगितले जाते. आमच्या मते तिला पहिली गरज आहे ती या विसरलेल्या अक्षरांची.

हा विसर किती सार्वत्रिक आहे हे पाहावयाचे तर उज्जैनचा टावर चौक पाहावा. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल लोकाचे उद्घाटन झाल्यापासून आपल्याकडूनही अनेक कुटुंबे त्या नगरीला जाऊन येतात. देवदर्शन आटोपले की संध्याकाळी फ्रीगंजमधील घड्याळाच्या मनोऱ्याभोवती फेरी ठरलेली. चाट, पाणीपुरी, वर शेव पेरलेली साबुदाण्याची खिचडी, आणि भोवती तरुण मुलामुलींची गर्दी. यात्रेकरूंच्या वाढत्या राबत्याने तेथील अनेक तरुणांना हॉटेलांतून, वाहनांवर, दुकानांतून काम मिळाले आहे. कित्येक जण रोज इंदूरला जाऊन-येऊन नोकरी करतात. प्रत्येक गाड्यावर चौकोनी ठिपक्यांचा कागद डकविलेला असतो. भ्रमणध्वनी त्यावर धरला की पैसे चुकते. २०१६ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेने सुट्या पैशांची कटकट संपविली आणि हातगाडीवाल्याच्या उत्पन्नालाही बँकेत नोंद मिळाली, हे तिचे मोठेच श्रेय. परंतु पैसा हातातून जाताना जी एक बारीकशी कळ उठत असे, तीही तिने नाहीशी केली. पणजी, पुणे वा ठाणे येथील चित्र याहून निराळे नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. तरुणांना बाहेरच्या चहाबद्दल आणि खिचडीच्या बशीबद्दल बोल लावण्याची वडीलधाऱ्यांना भारी हौस असते. आम्हाला ती हौस नाही. वीस हजार पगार मिळविणाऱ्या मुलाने आठवड्यातून दोनदा मित्रांबरोबर चौकात उभे राहून काही खाल्ले तर त्याचे दिवाळे निघत नाही. दिवाळे निघते ते खाण्याने नव्हे, त्याच पडद्यावर बोटभर अंतराने ठेवलेल्या दुसऱ्या बटणाने. 'आता घ्या, नंतर द्या', 'बिनव्याजी हप्ता', 'पाच मिनिटांत कर्ज' असे ते नाना रूपांनी समोर येते. जुन्या काळी कर्ज काढावयाचे म्हणजे सावकाराची पायरी चढावी लागे, जामीन शोधावा लागे, घरी चार माणसांना कळत असे. त्या लाजेने अनेक अनिष्टे झाली असतील. पण विचार करावयास दोन दिवस मिळत. आता कर्ज खरेदीच्या आतच शिवलेले असते.

बिनव्याजी हप्त्याचेच उदाहरण घेऊ. छापील किंमत चोवीस हजार असलेला भ्रमणध्वनी रोख घेणाऱ्यास बावीस हजारांना मिळतो आणि हप्त्याने घेणाऱ्यास दोन हजारांच्या बारा हप्त्यांनी. दुकानदार म्हणतो, पाहा, बारा दुणे चोवीस, व्याज कोठे आहे? व्याज आहे ते नाकारलेल्या सवलतीत. शिवाय 'बावीसवर दोन म्हणजे नऊ टक्के' असा तोंडी हिशेबही चुकीचा. कारण मुद्दल दरमहा फिटत जाते, संपूर्ण रक्कम वर्षभर वापरावयास मिळत नाही. नीट मांडणी केली तर हा दर द. सा. द. शे. सोळाहून अधिक भरतो. प्रक्रियाशुल्क आणि व्याजावरील कर निराळाच. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरातच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच अस्तित्वात नाही. त्यानंतर शब्द बदलले, वस्तू राहिली.

क्रेडिट कार्डाची कथा याहून गंभीर. मुदतीत सर्व बिल भरणाऱ्याला ते सोयीचे साधन आहे, यात वाद नाही. पण 'किमान देय रक्कम' भरून बाकी पुढे ढकलणाऱ्यास महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकार पडतो. साडेतीन हा आकडा डोळ्यांना किती निरुपद्रवी दिसतो! बारांनी गुणले की बेचाळीस होतात, आणि व्याजावर व्याज धरले तर एकावन्न. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली तीस टक्क्यांवरील आकारणी अनुचित ठरविली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्दबातल केला. म्हणजे त्या आयोगाने घातलेले कुंपणही आता उरलेले नाही.

आणि भ्रमणध्वनीवरील किरकोळ कर्जे? पाच हजारांचे कर्ज मंजूर करावयाचे, पाचशे शुल्क आधीच कापून हातात साडेचार हजार ठेवावयाचे आणि महिन्याने पाच हजार वसूल करावयाचे. पाचशेच तर गेले, असे ऋणकोस वाटते. हिशेब मात्र महिना अकरा टक्क्यांवर, म्हणजे द. सा. द. शे. एकशेतेहतीस इतका भरतो. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ साली अशी कर्जे देणारी सुमारे अकराशे ॲप तपासली तेव्हा त्यांतील सहाशेच्या आसपास बेकायदा आढळली.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त व्याजाची उदाहरणे आहेत, हे येथे सहज आठवते. ११५० च्या सुमाराचा हा ग्रंथ. आचार्यांचा संबंध एकीकडे आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणाशी, तर दुसरीकडे परंपरेने उज्जयिनीशी जोडलेला. त्यातील एका उदाहरणात महिना शेकडा पाच दराने वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज मिळून एक हजार झाले तर प्रत्येक किती, असे विचारले आहे. मुद्दल सहाशे पंचवीस, व्याज तीनशे पंचाहत्तर. म्हणजे द. सा. द. शे. साठ. बाराव्या शतकातील सावकारी दर म्हणून आपण त्याकडे भुवया उंचावून पाहतो. पण वर सांगितलेल्या पाच हजारांच्या कर्जापुढे तो सावकार दयाळू ठरावा. निदान तेथे दर उदाहरणातच उघड सांगितलेला आहे!

ज्याच्या डोक्यावर बेचाळीस टक्क्यांचे ऋण आहे त्याने सात टक्क्यांच्या ठेवीची, फार काय बारा टक्क्यांच्या आशेने समभागांचीही चौकशी करणे निरर्थक होय. महाग कर्ज फेडणे ही त्याच्यापुढील सर्वांत निर्धोक आणि सर्वांत किफायतशीर गुंतवणूक. एवढे साधे सूत्र गुंतवणुकीचा उपदेश करणारे क्वचितच सांगतात, कारण ते सांगण्याबद्दल कोणी दलाली देत नाही.

फेडावयाची घाई एवढ्यासाठीच की उत्पन्नाची शाश्वती नाही. माळव्यातील जुन्या माणसांना हे सांगावे लागत नाही. इंदूरची हुकुमचंद मिल १९९० नंतरच्या काळात बंद पडली आणि कामगारांची हक्काची देणी अडकून राहिली. त्यांपोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द करण्यात आला. मध्ये तीन दशके गेली, आणि पुष्कळ घरांत पैसे घ्यावयास मूळचा कामगार उरला नव्हता, वारस उरले होते. उज्जैनच्याही विनोद मिल, हिरा मिल बंद झाल्या. मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर काय झाले हे कोकण-गोमंतकातील घराघराला ठाऊक आहे. पण त्या कामगारांना निदान भविष्यनिर्वाह निधी होता, उपदान होते, मागावयास काही हक्क होता. आज दुचाकीवरून खाद्यपदार्थ पोहोचविणारा किंवा हंगामापुरता हॉटेलात राबणारा तरुण यांच्या नावे कोठे काय जमा होते? अशा मुलाला सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव असे सांगणे सोपे असते. दरमहा पंधरा हजार खर्च असेल आणि अडीच हजार शिल्लक पडत असतील तर चार महिन्यांचा खर्च, म्हणजे साठ हजार, साठावयास दोन वर्षे लागतात. ती दोन वर्षे कंटाळवाणी असतात. पण आजारपणात किंवा नोकरी सुटल्यावर त्या पाच मिनिटांच्या कर्जाचे बटण दाबावयाचे की नाही, हे त्या साठ हजारांवरच ठरते.

ही रक्कम ठेवावयाची कोठे? आकर्षक व्याज पाहून तर नव्हेच. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रद्द झाला, हे गोमंतकीय वाचकांस नव्याने सांगावयास नको. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा प्रथम खातेदारास अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. २०२० च्या फेब्रुवारीत ठेवविम्याची मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदारामागे एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली, ही त्यातून झालेली सुधारणा. तरुणाची आणीबाणीची शिल्लक त्या मर्यादेत सहज बसते. मात्र पतपेढीतील वा भिशीतील पैशाला हा विमा लागू नाही. भिशीला—माळव्यात तिला बीसी म्हणतात—आम्ही तुच्छ लेखत नाही. दहा ओळखीची माणसे दरमहा तोंडाकडे पाहत असल्यावर हप्ता चुकविता येत नाही, आणि ही शिस्त कोणतेही ॲप लावू शकलेले नाही. पण सारी पुंजी तेथे नको.

शिल्लक साठली की पुढचा मार्ग तितकासा बिकट नाही. घरात आपल्यावर कोणी अवलंबून असेल तर केवळ मृत्यूचा धोका सांभाळणारा साधा मुदतविमा घ्यावा. बचत आणि विमा यांची खिचडी करणाऱ्या योजना नातेवाइकांच्या भिडेखातर घेऊ नयेत. आरोग्यविमा हवाच, वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर २०२५ च्या सप्टेंबरापासून उठविला गेला आहे. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत दरसाल एप्रिलात चोवीस हजार भरले तर ७.१ टक्क्यांनी पंधरा वर्षांत तीन लाख साठ हजारांचे साडेसहा लाखांच्या आसपास होतात. महागाई त्यातील मोठा घास घेते, म्हणून दीर्घ मुदतीसाठी काही भाग समभागांच्या निधीत असावा हेही रास्त.

परंतु समभाग म्हणजे सट्टा नव्हे. वायदे आणि पर्याय यांच्या व्यवहारात उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत तोट्यात गेल्या आणि एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक झाला, असे सेबीने २०२४ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केले. त्यांत तिशीच्या आतील मंडळींचा वाटा एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेला. पुढील वर्षी तोटा आणखी वाढला. उज्जैनहून तासाभराच्या अंतरावरील इंदूर हे तर दूरध्वनीवरून 'खात्रीच्या' टिपा विकणाऱ्या कचेऱ्यांसाठी कुप्रसिद्ध झाले. त्यांतील अनेकांविरुद्ध सेबीला आदेश काढावे लागले. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टात बंदी घातली. त्यांतून सुटलेला तरुण याच बाजारात येऊन पोहोचणार नाही, याची दक्षता कोण घेणार?

तरुणांना शहाणपण शिकवून सरकार आणि बँका यांना मोकळे सोडावे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली डिजिटल कर्जांसाठी नियम केले. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाच्या प्रत्येक ग्राहकास 'मुख्य तथ्य विवरण' देणे आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखविणे बंधनकारक झाले. म्हणजे द. सा. द. शे. कागदावर परत आले. नियम म्हणतो की विवरण ऋणकोला समजेल अशा भाषेत असावे. प्रत्यक्षात ते बहुधा इंग्रजीत, बारीक टंकात आणि संमतीच्या बटणापलीकडे तीन पाने आत दडलेले असते. टावर चौकातील मुलाला ते हिंदीत, म्हापशाच्या मुलीला कोकणी-मराठीत, आणि कर्जाच्या रकमेइतक्याच ठळक अक्षरांत, बटणाच्या अगोदर दिसले पाहिजे. कर्जाची रक्कम ज्या आकारात छापता येते त्या आकारात तिचा दरही छापता येतो. रिझर्व्ह बँकेने एका परिपत्रकाने एवढे करावे.