मिठीचा शाप

किशोरवाचन विशेषांकाची सुरुवात एका जपानी चित्रकथा-मालिकेपासून करतो आहोत. नात्सुकी ताकाया यांची ‘फ्रुट्स बास्केट’ ही मांगा १९९८ ते २००६ या काळात ‘हाना तो युमे’ पाक्षिकात क्रमशः आली. पुस्तकरूपात तिचे २३ खंड झाले. आई गेल्यावर तंबूत राहणारी शाळकरी तोरू होंडा सोमा घराण्याच्या आसऱ्याला येते. त्या घरातले काही जण शापित आहेत. शापाबाहेरच्या भिन्नलिंगी व्यक्तीने मिठी मारली, की त्यांचा उंदीर, ससा, मांजर असा प्राणी होतो.

प्रेमकथेत मिठीच काढून घ्यायची, ही ताकायांची खरी करामत. सुरुवातीला त्यातून विनोद होतात, आणि (माझ्या मते) जरा जास्तच होतात. पण तोच शाप मग आईच्या कुशीपर्यंत पोहोचतो: सोमा घराण्यातल्या मोमिजीला जवळ घेताच त्याचा ससा होतो, ते आईला सोसवत नाही आणि तिच्या स्मृतीतून तो पुसला जातो. मुलगा मात्र तिला लांबून पाहत राहतो. परक्या मुलीच्या प्रेमाइतकीच घरच्यांच्या नकाराची ही गोष्ट आहे.

पालकहो, मुलांच्या हाती देण्याआधी स्वतः जरूर वाचा. फक्त पहिल्या खंडावरून निकाल देऊ नका.