दिवे लागण्याआधीचं काम

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारिट चिरडणाऱ्या घरांत सत्-असत् यांचा सामना नवा नाही. तरीही जग बुडाल्यानंतर तोच सामना पुन्हा मांडणाऱ्या कादंबऱ्या वाचक सोडत नाहीत. स्टीफन किंग यांची ‘द स्टँड’ १९७८ साली आली. गाळलेली पानं परत घालून १९९० मध्ये ती हजारावर पानांची झाली, तरी वाचक हटले नाहीत.

लष्करी प्रयोगशाळेतून निसटलेला फ्लू ९९.४ टक्के माणसं मारतो. उरलेल्यांपैकी काही जण स्वप्नात दिसणाऱ्या, शंभरी ओलांडलेल्या ॲबिगेल आजींच्या मागे कोलोरॅडोतल्या बोल्डरला जमतात, तर काही रँडल फ्लॅग या दुष्ट जादूगाराच्या लास वेगासला.

खरी गोष्ट इथून सुरू होते. बोल्डरला वीज आणायची आहे. पण माणसं मेली तेव्हा घराघरांतले दिवे, शेगड्या, टीव्ही चालूच राहिले होते. त्या भारानं पहिला प्रयत्न फसतो. मग लोक दारोदार फिरून मेलेल्यांच्या घरातली बटणं बंद करू लागतात. तिकडे वेगासमध्ये दिवे आधीच लागलेले आहेत, शिस्त कडक आहे, आणि अमली पदार्थ घेणाऱ्याला क्रुसावर चढवलं जातं. दुष्टपणा झटपट कामं उरकतो. चांगुलपणा सभा घेतो, इतिवृत्त लिहितो, हात वर करून मतं मोजतो. वाचक रमतो तो या सभांमध्ये.

हॅरोल्ड लॉडर हा या कादंबरीतला सर्वांत जिवंत माणूस. मनात डूख धरलेला हा पोरगा बोल्डरमध्ये प्रेतं पुरणाऱ्या तुकडीत काम करतो. सोबती त्याला कौतुकानं ‘हॉक’ म्हणू लागतात. आयुष्यात पहिल्यांदा माणसांत घेतलं जात असताना तो समितीच्या बैठकीत बॉम्ब उडवतो. पुढे एकटा मरताना चिठ्ठीत आपण हे स्वतःच्या मर्जीनं केलं असं कबूल करतो, आणि खाली सही करतो ‘हॉक’. एवढी दाद फ्लॅगच्या जादूला द्यावीशी वाटत नाही.

वेगासचा निकाल मात्र देवाच्या हातानं लागतो, आणि तिथे कादंबरी सैल पडते. सावरते ती शेवटाकडे: फ्लॅग गेल्यावर बोल्डरची वस्ती वाढते आणि गस्तीवरच्या माणसांच्या हाती बंदुका येतात. स्टू आणि फ्रॅन हे बोल्डरमधलं जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन मेन राज्याकडे निघतं. माणसं शहाणी होतील का, या प्रश्नाचं उत्तर दोघांपाशी नसतं.