एका ठोक्याची चूक



समजा, भर दुपारी तुम्ही प्रयोगशाळेत बसला आहात. भिंतीवरचा साधा तापमापक ३० अंश दाखवतो आणि तुम्ही हौसेने जोडलेले इलेक्ट्रॉनिक यंत्र दाखवते १४.६ अंश! आमच्या महाविद्यालयात असेच घडले. मुलांनी संवेदक बदलून पाहिला, तारा तपासल्या. सारे ठीक होते. चूक होती ती अंक वाचण्यात, आणि तीही फक्त एका ठोक्याची.

हे कसे, ते पाहू. एलएम ३५ हा संवेदक दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे ३० अंशांना ३०० मिलिव्होल्ट. पण नियंत्रकाला अंकांचीच भाषा कळते. म्हणून मध्ये एमसीपी ३००८ हा परिवर्तक बसवतात. तो ५ व्होल्टचे १०२४ सारखे भाग धरतो आणि ३०० मिलिव्होल्टसाठी ६१ हा अंक देतो. द्विमान पद्धतीत तो ००००११११०१ असा दहा बिटांचा होतो.

हे दहा बिट एकाच तारेवरून एकामागून एक येतात. लेझमीत हलगीच्या ठेक्यावर पावले पडतात ना? तसेच इथे नियंत्रकाने पाठवलेल्या क्लॉकच्या प्रत्येक स्पंदाला एकेक बिट पुढे सरकतो. आधी नियंत्रक पाच बिट पाठवतो. पहिला सुरुवातीची खूण, दुसरा मोजणीचा प्रकार आणि उरलेले तीन आठांपैकी कोणती वाहिनी मोजायची ते सांगतात. सहाव्या स्पंदापर्यंत परिवर्तक नमुना घेऊन होतो, सातव्याला तो एक शून्य पाठवतो आणि मग दहा बिट, सर्वांत मोठ्या किमतीचा आधी. अशी ही १७ स्पंदांची चौकट, म्हणजेच फ्रेम.

आमच्या मुलांनी सातवे शून्य हाच उत्तराचा पहिला बिट मानला. त्यामुळे शेवटचा बिट हातचा गेला आणि ६१ चे झाले ३०. गणित करून पाहा, १४.६ अंशच येतील! यंत्राने तक्रार केली नाही, कारण या चौकटीत चूक पकडणारा बिटच नाही. हलगी वाजत राहिली. पाऊल चुकले ते आपले.

खरी धास्ती पुढेच आहे. हाच प्रयोग डिसेंबरातल्या पहाटे केला असता, तर १४.६ अंश कोणालाच खटकले नसते. तो आकडा निमूटपणे वहीत उतरला असता.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की तयार प्रोग्राम उतरवून घेण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने ही चौकट एकदा तरी स्वतःच्या हाताने आलेखाच्या कागदावर काढावी. ‘तयार प्रोग्राम असताना हा खटाटोप कशाला?’ असे कोणी म्हणेल. तयार प्रोग्राम जरूर वापरा. पण तो कोणत्या स्पंदाला काय वाचतो, हे ठाऊक असू द्या. शिक्षकांनीही आकृतीला गुण ठेवावेत, केवळ पडद्यावरच्या आकड्याला नव्हे.

आणि भिंतीवरचा तो साधा तापमापक काढून टाकू नका. पडद्यावरच्या आकड्याला प्रश्न विचारणारे कोणीतरी प्रयोगशाळेत हवेच. तो तापमापक असो, नाहीतर तुम्ही!