चाचणी थांबली, एवढ्यावरून काय सिद्ध होते?

सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा तालुक्यात, कडोदऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलांच्या पट्ट्यात, धुळे-नंदुरबार-जळगावकडची माणसे इतकी आहेत की चहाच्या लारीवर गुजरातीच्या जोडीने अहिराणीही ऐकू येते. मुलींना एचपीव्हीची लस द्यावी का, असा विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणते, "ती तं बडोदाकडे बंद पडेल व्हती ना?" आणि विषय तिथेच मिटतो. तो तिथे मिटू नये, यासाठी हा लेख.

आधी पूर्वपक्ष, आणि तो पूर्ण ताकदीने. २००९ मध्ये 'पाथ' या अमेरिकी संस्थेने आयसीएमआर आणि राज्य सरकारांना बरोबर घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची ही लस दोन जिल्ह्यांत मुलींना दिली: तेव्हाच्या आंध्रातला खम्मम आणि गुजरातचा बडोदा. बडोद्यात डभोई, शिनोर आणि कवांट या तालुक्यांतल्या दहा हजारांवर मुलींना ती टोचली गेली. दोन्ही राज्ये मिळून सात मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये केंद्राने काम थांबवले. पुढे २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने कडक ताशेरे ओढले. खम्ममला कित्येक संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. हे सगळे खरे आहे, आणि त्या सह्यांचे समर्थन करणाऱ्याच्या बाजूने मी उभा राहणार नाही.

पण यातून 'लस घातक होती' हा निष्कर्ष कसा निघतो? गुजरातमधल्या दोन मृत्यूंपैकी एक सर्पदंशाचा होता, दुसरा मलेरियाचा. चौकशी समितीलाही मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. संमती घेण्यात झालेला अपराध हा माणसांचा अपराध आहे. त्याचा डाग बाटलीतल्या द्रव्याला लावणे म्हणजे जुन्या तार्किकांच्या भाषेत हेत्वाभास. डोंगरावर धूर दिसला म्हणून आग आहे म्हणावे, तर निदान तो धूरच आहे, धुके नव्हे, एवढे तरी पाहावे लागते.

चहाच्या लारीवर कधीच न निघणारी गोष्ट याच्या पुढची आहे. एप्रिलच्या त्याच आदेशाने आणखी एक काम थांबले. ते पाथचे नव्हते. फ्रान्समधल्या लियाँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेची ती रीतसर चाचणी होती. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, पुण्याचे जहांगीर, अहमदाबादची कर्करोग संस्था अशी तिची भारतातली केंद्रे. दहा ते अठरा वयाच्या वीस हजार अविवाहित मुली घ्यायच्या, निम्म्यांना दोन डोस, निम्म्यांना तीन, आणि दोन पुरतात का ते पाहायचे, असा बेत होता. १ सप्टेंबर २००९ ला सुरुवात झाली, ८ एप्रिल २०१० ला लसीकरण बंद. तोवर १७,७२९ मुलींना किमान एक डोस मिळाला होता. कुणाचे दोन झाले, कुणाचे तीन, आणि ४,९५० मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांच्या दृष्टीने आराखड्याचे पार वाटोळे झाले होते.

पण त्यांनी वह्या मिटल्या नाहीत. मुली मोठ्या झाल्या, लग्ने झाली, सासरी गेल्या. लग्नाला अठरा महिने झाले किंवा पहिल्या बाळंतपणाला सहा महिने झाले, यातले जे आधी येईल तेव्हा नमुना घ्यायचा, असे ठरले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावातून सासरी गेलेली मुलगी वर्षांनंतर शोधून काढायची, तिला आणि तिच्या घरच्यांना तपासणीचे कारण समजावून सांगायचे, हे काम प्रयोगशाळेत होत नाही. ते झाले. मध्यक नऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निकाल छापून आला. घातक अशा १६ आणि १८ क्रमांकांच्या विषाणूंच्या चिवट संसर्गापासून एका डोसने ९५.४ टक्के संरक्षण मिळाले होते, दोन डोसांनी ९३.१ आणि तीन डोसांनी ९३.३. म्हणजे तिन्हींत फरक असा नाहीच.

इथे कुणी हुशार वाचक अडवेल: एका डोसवर राहिलेल्या मुली चिठ्ठ्या टाकून निवडल्या नव्हत्या, त्या परिस्थितीने तशा राहिल्या. हा पुरावा कच्चा नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच केनियात एका डोसची रीतसर, चिठ्ठ्यांची चाचणी झाली. तिचाही कौल तोच आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असे म्हटले. गरीब देशांतल्या कोट्यवधी मुलींच्या लसीकरणाचा खर्च आणि खटाटोप त्यामुळे कमी होतो. 'बंद पडेल' म्हणून आपण जी मोडीत काढली, त्या चाचणीचे हे फळ. (ती बंद केली ते बरे झाले, असा याचा अर्थ कुणी काढू नये. नशीब आणि शहाणपण या वेगळ्या गोष्टी आहेत.)

आता उलट्या टोकाचे लोक. यांना चाचणी लवकर थांबली की औषध रामबाण वाटते. त्यांच्याजवळ दाखवायला उदाहरणही आहे, आणि ते पुण्याचे आहे. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ज्या एचपीटीएन ०५२ चाचणीत होती, तिच्यात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. निम्म्या रुग्णांना औषध लगेच, उरलेल्यांना प्रतिकारशक्ती ठरलेल्या पातळीखाली गेल्यावर. २०१५ पर्यंत चालायचे ते काम. पण २०११ च्या एप्रिलमध्ये आकडे तपासणाऱ्या स्वतंत्र मंडळाला दिसले की जोडीदाराकडूनच लागण झाल्याच्या २८ घटनांपैकी २७ उशिरा औषधाच्या गटातल्या होत्या, लगेच औषधाच्या गटात फक्त एक. मंडळाने सांगितले, निकाल आत्ताच जाहीर करा. उशिरा औषधाच्या गटालाही औषध देऊ केले गेले. तिथे आणखी चार वर्षे वाट पाहणे हा गुन्हा ठरला असता.

तरीही सावध राहायला हवे. २०११ चा ९६ टक्क्यांचा आकडा अखेरच्या हिशेबात ९३ झाला. इथे घसरण किरकोळ होती. पण फायदा दिसला म्हणून लवकर थांबवलेल्या ९१ चाचण्यांची, त्याच प्रश्नांवर शेवटपर्यंत चाललेल्या चाचण्यांशी २०१० मध्ये तुलना झाली, तेव्हा थांबवलेल्यांतला फायदा बराच फुगलेला निघाला. आकडे वरखाली होतच असतात. नेमके वर असताना थांबलात, तर वरचाच आकडा हाती येतो.

खाली असतानाही हेच होते. सोलापूर-विजापूरच्या पुढे बागलकोटला आणि चेन्नईला, आफ्रिकेतल्या तीन देशांबरोबर, एचआयव्ही रोखण्यासाठी सेल्युलोज सल्फेटच्या जेलची चाचणी चालू होती. जानेवारी २००७ मध्ये जेल वापरणाऱ्या बायकांतच लागण जास्त दिसली आणि काम तत्काळ थांबले. अंतिम मोजणीत जेल गटात २५, दुसऱ्या गटात १६. हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतकाच होता. मग थांबवणे चुकले का? मुळीच नाही. त्या दिवशी हातात जे आकडे होते त्यांवर दुसरा निर्णय माणुसकीला धरून झालाच नसता. जेल अपायकारक असल्याचे मात्र त्यावरून सिद्ध झाले नाही, आणि उपयोगी असल्याचेही नाही.

तेव्हा माझा पक्ष असा. प्रिंटिंगच्या मशीनवर पहिल्या काही मीटरांना डाग दिसला आणि मास्तरने मशीन थांबवले, तर पलसाण्यातला कामगार 'हा कपडाच वाईट' असे म्हणत नाही. तो विचारतो, डाग कशाचा? चाचणीलाही तेच विचारावे. थांबवण्याचा नियम आधी लिहून ठेवला होता का? थांबवले ते आतल्या आकड्यांवरून, की बाहेरच्या गदारोळावरून? औषध बनवणाऱ्याचा आकडे तपासणाऱ्या मंडळात हात होता का? बागलकोट आणि भोसरीला आतले आकडे बोलले. २०१० ला बार्शीत आतले काहीच बोलले नव्हते, बोलला तो दुसऱ्याच प्रकल्पावरचा संताप. तिन्ही ठिकाणी बातमी एकच, 'चाचणी थांबली'. अर्थ मात्र तीन.

माझे खरे भांडण थांबवण्याशी नाही, थांबल्यानंतरच्या मुकाटपणाशी आहे. १५ जून २००९ पासून भारतात प्रत्येक औषधचाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणे सक्तीचे आहे. ती कुणालाही मोबाइलवर फुकट पाहता येते आणि चाचणी चालू, स्थगित की बंद, तेही तिथे दिसते. पण दंडात सुई टोचून घेतलेल्या मुलीच्या आईने ही इंग्रजी नोंदवही उघडून वाचावी, ही अपेक्षाच थट्टेची आहे. तिला तिच्या भाषेत, तिच्या दारात येऊन कारण सांगितले पाहिजे. डभोई-कवांटच्या आयांना ते वेळेवर आणि नीट सांगितले गेले असते, तर चौदा-पंधरा वर्षांनी कडोदऱ्याच्या लारीवर ते अर्धवट वाक्य फिरत राहिले नसते.

उद्या तुमच्यासमोर कुणी संमतीपत्र ठेवले, तर दुष्परिणाम विचाराच, पण आणखी दोन गोष्टी विचारा: हे काम मध्येच थांबवायचा अधिकार कुणाला आहे, आणि थांबले तर मला येऊन कोण सांगणार? नाव-पत्त्यासकट उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.