नव्या मोटारीचें पहिलें तेल

नांदुरा तालुक्यांतील वडनेर भोलजी हें गांव हमरस्त्यावरचें. तेथें मोटारीविषयीं सल्ला देणाऱ्यांची वाण नाहीं. नवी मोटार दारांत आली, कीं वडीलधारी मंडळी सांगतात, ‘पहिलें तेल १,००० किलोमीटरांवर काढून टाका.’ पूर्वीं तें योग्यच होतें; नव्या भागांच्या घर्षणानें धातूचा कीस तेलांत उतरत असे. आजचीं यंत्रें अधिक सफाईनें घडतात. म्हणून बहुतेक कंपन्या १,००० वर नुसती तपासणी सांगतात, आणि तेल बहुधा १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं येईल तेव्हां बदलावयास लावतात.

आमच्या मतें खरी फसगत ‘वर्ष’ या शब्दापाशीं होते. एकत्र कुटुंबाची मोटार लग्नकार्यास लांब जाते, एरवीं देवळापर्यंत नाहींतर बाजारापर्यंत. आंकडा ३,००० वर रेंगाळतो आणि सारे निर्धास्त! परंतु आखूड फेऱ्यांत यंत्र पुरतें तापत नाहीं; पाण्याची वाफ व न जळलेलें पेट्रोल तेलांत उतरून वंगण बिघडतें. त्यांत वैशाखांतली धूळ. अशा खडतर वापरासाठीं पुस्तिकेंत बहुधा निराळी, कमी मुदत दिलेली असते. ती मालकानें स्वतः वाचावी. तेल काळें दिसलें एवढ्यावरून मात्र घाबरूं नये. डिझेलच्या यंत्रांत तें लवकरच काळवंडतें. तेलाबरोबर गाळणीही बदलावी व पावती जपावी. हमीच्या वेळीं तीच विचारतात.